ताक, जंतू आणि पुरावा

(सिद्धेश्वर, जि. हिंगोली येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

माय-माउल्यांनो, शेतकरी बंधूंनो आणि मागे उभ्या असलेल्या विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही पुढे या, जागा आहे.

तत्त्वज्ञानाचा माणूस पोटाच्या औषधावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. त्याचं कारण आधी सांगतो. मागच्या खेपेला आम्ही इथे बोललो, तेव्हा कार्यक्रम संपल्यावर एक आजीबाई जवळ आल्या. नातवाला जुलाब लागले होते. पिशवीतून औषधाचं एक पाकीट काढून त्या म्हणाल्या, "सर, यात जित्ते जंतू हायेत म्हणं. जंतूनंच तर रोग व्हते ना? मग जंतू पाजून बरं कसं व्हईल?" आम्ही घाईत होतो. "डॉक्टरांनी दिलंय ना, मग द्या," एवढं बोलून गाडीत बसलो. पण गाडी धरणाच्या भिंतीजवळून जात असताना मनात आलं, की आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं आणि इतक्या नेमक्या प्रश्नाला बगल दिली. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आज आलो आहोत. उत्तर थोडं लांबचं आहे. त्याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

आजीबाईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साऱ्या जगाचं तेच म्हणणं होतं. पाश्चर आणि कॉख यांनी रोग जंतूंमुळे होतात हे दाखवून दिलं होतं. पटकीचा जंतू सापडला, क्षयाचा सापडला, प्लेगचा सापडला. जंतू म्हटला की तो मारायचा, एवढंच मग लोकांना ठाऊक झालं.

आपल्या महाराष्ट्रात हे कसं पोचलं? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यावर लस करायला सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना बोलावलं. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे. हे हाफकिन मूळचे ओडेसाचे. तिथल्या विद्यापीठात त्यांचे गुरू होते इल्या मेचनिकॉव्ह. पुढे मेचनिकॉव्ह पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि १८८९ मध्ये हाफकिनही तिथे पोचले. म्हणजे बघा, शिष्य मुंबईत रोगजंतूंविरुद्ध लस करत होता आणि गुरू पॅरिसमध्ये लवकरच सांगणार होता, की काही जंतू मुद्दाम पोटात घ्या. ऐकायला उलटं वाटतं, पण दोघेही एकाच शाळेतले.

मेचनिकॉव्ह काय म्हणत होते? माणसाच्या मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, कुजवणारे जंतू विष तयार करतात, ते विष रक्तात जातं आणि माणूस लवकर म्हातारा होतो. यावर उपाय काय? दुधाचं दही करणारे जंतू आम्ल तयार करतात आणि आम्लात कुजवणारे जंतू टिकत नाहीत. म्हणून दह्याचे जंतू पोटात सोडायचे. आधाराला त्यांनी बल्गेरियाचं उदाहरण घेतलं. तिथले शेतकरी आंबट दूध खूप पितात आणि तिथे म्हातारी माणसं पुष्कळ, असं ते म्हणत. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव या तरुण बल्गेरियन डॉक्टरने त्या दह्यातला जंतू शोधून काढला होता. १९०७ मध्ये मेचनिकॉव्हचं दीर्घायुष्यावरचं पुस्तक आलं, १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि लोकांनी दह्याचे वाडगे पुढे ओढले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नोबेल दह्यासाठी नव्हतं. रक्तातल्या पेशी जंतूंना गिळून टाकतात या शोधासाठी होतं. मोठ्या माणसाला एका कामासाठी मान मिळाला, की त्याची बाकीची मतंही आपण त्याच मापाने मोजतो. हे आजही घडतं.

इथे आमचा विषय येतो. आपल्या न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक असे दोन शब्द आहेत. जिथे हे आहे तिथे ते आहे, हा अन्वय. जिथे हे नाही तिथे तेही नाही, हा व्यतिरेक. नुसत्या अन्वयावर भागत नाही. धूर दिसला तर खाली विस्तव असणार, हे खरं. पण विस्तव असला म्हणजे धूर असणारच, असं म्हणता येईल का? चुलीत वाळकं सरपण घाला, धूर जवळजवळ नाहीच. ओलं घाला, डोळे चुरचुरतात. धुराला विस्तवाबरोबर ओलं सरपणही लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. आता बल्गेरियाकडे बघा. तिथला म्हातारा दही खातो, पण तो डोंगराळ हवेत राहतो, दिवसभर राबतो, साधं जेवतो. शिवाय त्याच्या जन्माची नोंद कितपत नीट होती? यातली खरी अट कुठली? मेचनिकॉव्हकडे अन्वय होता, व्यतिरेक नव्हता.

परिणाम काय झाले? 'आतड्यातलं विष' ही कल्पना इतकी फोफावली, की लंडनचे नामांकित सर्जन आर्बथनॉट लेन हे बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडंच कापून काढू लागले. एका अपुऱ्या अनुमानामुळे माणसं ऑपरेशनच्या टेबलावर गेली. मेचनिकॉव्ह स्वतः १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी वारले. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात रेटगर आणि चेपलिन यांनी १९२१ मध्ये दाखवलं, की बल्गेरियन दह्याचा जंतू माणसाच्या आतड्यात मुक्काम करतच नाही. आला आणि गेला.

मग सगळं खोटंच होतं का? तसंही नाही. इतिहासात असं होतं, की स्पष्टीकरण चुकतं आणि दिशा बरोबर निघते. त्याच पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांनी १८९९ मध्ये पाहिलं, की आईच्या दुधावरच्या बाळांच्या पोटात फाटे फुटलेल्या आकाराचे जंतू भरपूर असतात. जुलाब झालेल्या बाळांना ते द्यावेत, असं त्यांनी सुचवलं. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात, जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निस्ले यांना एक सैनिक भेटला. आजूबाजूचे सगळे हगवणीने आडवे झालेले आणि हा ठणठणीत. निस्ले यांनी त्याच्या विष्ठेतून ई. कोलाय जातीचा एक जंतू वेगळा केला. जपानमध्ये १९३० मध्ये मिनोरू शिरोता यांनी एक लॅक्टोबॅसिलस निवडला आणि १९३५ पासून तो 'याकुल्ट' या पेयातून विकला जाऊ लागला.

'प्रोबायोटिक' हा शब्द यानंतरचा. १९६५ मध्ये तो शास्त्रीय लेखात आला तेव्हा त्याचा अर्थ वेगळाच होता. एका सूक्ष्मजीवाने तयार केलेला आणि दुसऱ्याची वाढ करणारा पदार्थ, असा. आजचा अर्थ २००१ मध्ये पक्का झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांची अर्जेंटिनात कोर्दोबा इथे बैठक झाली. तिथली व्याख्या आमच्या शब्दांत सांगतो: जे सूक्ष्मजीव जिवंत आहेत, पुरेशा प्रमाणात दिलेले आहेत आणि घेणाऱ्याच्या तब्येतीला फायदा करतात, ते प्रोबायोटिक. तीन अटी आहेत. जिवंत, पुरेसे आणि फायदेशीर. तिसरी अट सगळ्यात अवघड, कारण फायदा होतो हे दाखवावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं परदेशातलं. आमच्या घरी तर रोज विरजण लागतं. बरोबर आहे. चरकसंहितेत मूळव्याध आणि ग्रहणी या दोन्ही विकारांच्या चिकित्सेत ताकाला मोठं स्थान आहे. ताक हलकं, अग्नी वाढवणारं, मळ बांधणारं असं तिथे म्हटलं आहे. आणि चरक दही आणि ताक एक मानत नाही. दही जड, रात्री खाऊ नये, आणि ताक मात्र औषधी. लोणी काढलेलं ताक कुणाला, न काढलेलं कुणाला, हाही विचार आहे. एकच वस्तू सगळ्यांना सरसकट द्यायची नाही, ही दृष्टी फार मोलाची. पण म्हणून 'आपल्या पूर्वजांना प्रोबायोटिक माहीत होतं' असं आम्ही म्हणणार नाही. त्यांना ताक माहीत होतं, ताकाने काय वाटतं ते माहीत होतं. जंतू माहीत नव्हते. पाहणं ही एक गोष्ट आणि त्याचं कारण सांगणं ही दुसरी. पूर्वजांनी नीट पाहिलं, हा मान पुरेसा आहे. न केलेल्या शोधाचं श्रेय त्यांना कशाला द्यायचं?

मग घरचं ताक प्रोबायोटिक आहे का? त्यात जिवंत जंतू असतात, कोट्यवधी असतात. पण कोणते? तुमच्या विरजणात एक, शेजारच्या घरी दुसरे, उन्हाळ्यात तिसरे. म्हणून आजच्या व्याख्येत ते बसवता येत नाही. याचा अर्थ ते निरुपयोगी असा नाही. ज्याला दूध पचत नाही, दूध प्यायलं की पोट फुगतं, त्याला बहुधा दही चालतं. हे भरपूर तपासलं गेलं आहे. दह्याचे जंतू दुधातली साखर काही प्रमाणात आधीच फोडतात आणि पोटात गेल्यावरही पचवायला मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने अशा जंतूंबद्दलचे बहुतेक दावे पुरावा अपुरा म्हणून नाकारले, पण दह्याचा हा एक दावा २०१० मध्ये मान्य केला. म्हणजे ताक हे उत्तम अन्न आहे. त्याला औषधाचं लेबल चिकटवलं तरच ते मोठं ठरतं, असं काही नाही.

औषध म्हणून द्यायचं असेल तर मात्र वाण सांगावा लागतो. हे तुम्हाला आम्ही काय सांगणार? दुकानात जाऊन 'ज्वारीचं बियाणं द्या' म्हटलं तर दुकानदार विचारतो, कोणतं? परभणी मोती की आणखी कुठलं? पीक एक, पण एका वाणाचा उतारा दुसऱ्याला लागू नाही. जंतूंचं तसंच आहे. ई. कोलायचा एक वाण हगवण लावतो, आणि निस्ले यांचा वाण मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहात उपयोगी ठरला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३२७ रुग्णांच्या एका चाचणीत तो वर्षभर वापरला. रोग पुन्हा उसळू न देण्यात तो नेहमीच्या मेसालाझिन औषधाइतकाच चालला. आता आजीबाईंना उत्तर देता येतं. जंतूने रोग होतो, हे खरं. पण सगळ्या जंतूंनी होत नाही. कोणता जंतू, हे विचारायला हवं.

आता व्यतिरेकाकडे या. तो कसा मिळवायचा? अर्ध्या मुलांना जंतू द्यायचे, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण जंतू नसलेलं काही द्यायचं. कुणाला काय मिळालं हे देणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही आणि घेणाऱ्यालाही. शेवटी मोजायचं. 'डबल ब्लाइंड' चाचणी म्हणतात ती हीच. कोलकात्याच्या झोपडपट्टीत १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांवर अशी चाचणी झाली. शिरोता यांच्या वाणाचं पेय १२ आठवडे दिल्यावर जुलाबाचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. फायदा आहे, पण लहान आहे. ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी झाली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळं अंगावर पिणारी, वजनाने बरी. त्यांना एका निवडक लॅक्टोबॅसिलसचे डोस सात दिवस दिले, सोबत त्या जंतूचं खाद्य असलेली एक साखर. रक्तात जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण साध्या पुडीच्या गटात ९ टक्के होतं, ते ५.४ टक्क्यांवर आलं. हा मोठा फायदा आहे, आणि तो आपल्यासारख्याच खेड्यांत दिसला.

दुसरी बाजूही ऐका. २०१८ मध्ये अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ जुलाब झालेल्या मुलांवर वेगवेगळ्या जंतूंच्या चाचण्या झाल्या. काहीच फरक पडला नाही. जंतू मिळालेली आणि न मिळालेली मुलं सारख्याच वेळात बरी झाली. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाचा तीव्र दाह झालेल्या रुग्णांना जंतूंचं मिश्रण दिलं. त्या गटात १६ टक्के दगावले, न दिलेल्या गटात ६ टक्के. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा 'दह्याचेच जंतू आहेत, त्यांनी काय अपाय होणार' म्हणणारे गप्प झाले. अतिशय अशक्त, अतिदक्षता विभागातले, प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण आणि दिवस पुरे न भरलेली बाळं, यांना हे मनाने द्यायचंच नाही.

एका देशातला निकाल दुसऱ्या देशात जसाच्या तसा का लागत नाही, याचा एक धागा आपल्या पुण्यात मिळतो. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांना भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा हे जंतू तुलनेने जास्त आढळले. रान वेगळं असेल तर तेच बियाणं वेगळं उगवतं.

मंडळी, आता थोडं घरचं सांगतो. हे आम्ही सहसा बोलत नाही. आमचं गाव इथून फार लांब नाही, पूर्णेच्या काठी. धरण झालं १९६८ मध्ये. त्याच्या आधीची गोष्ट. उन्हाळ्यात नदी आटायची, वाळूत झरे खोदून पाणी भरायचं. आम्ही अकरा वर्षांचे होतो, धाकटी बहीण तीन वर्षांची. तिला ढाळ-वांती सुरू झाली. आजीने चमच्या-चमच्याने ताक दिलं. त्यात चूक नव्हती. पण 'पाणी प्यालं की ढाळ वाढतात' अशी सगळ्यांची समजूत. म्हणून तिचं पाणी तोडलं. ती तांब्याकडे बोट दाखवायची. ज्याच्या हातात तो तांब्या होता आणि ज्याला 'देऊ नको' सांगितलं होतं, तो मुलगा आज तुमच्यासमोर उभा आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. आजीने त्यानंतर कितीतरी वर्षं ताक केलं, पण स्वतः कधी प्यायली नाही. तिला वाटायचं, ताकाने घात केला.

घात ताकाने केला नव्हता. अंगातलं पाणी आणि मीठ संपलं होतं. दहा-बारा वर्षांनी, १९७१ मध्ये, बांगलादेशचे निर्वासित बंगालमध्ये बनगावच्या छावणीत आले आणि पटकी पसरली. सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पाण्यात ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा कालवून ते पिंपातून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हीच आपली जलसंजीवनी, ओआरएस.

आम्ही हे का सांगतो? परवा एका घरी गेलो होतो. लेकरू गळून गेलेलं, डोळे खोल. उशाशी जंतूंच्या महागड्या कुप्या ओळीने ठेवलेल्या, आणि ओआरएसचं पाकीट एकही नाही. आमच्या आजीने अज्ञानाने पाणी तोडलं. या शिकलेल्या आईबापांनी पाणी तोडलं नव्हतं, पण ते विसरले होते. कुपीने धीर आला आणि खरं औषध मागे पडलं. लेकरू वाचलं, दवाखान्यात वेळेवर नेलं म्हणून. पण चौथ्या दिवशी जुलाब थांबले, तेव्हा घरचे म्हणाले, कुपीचा गुण आला. मुलांचे बहुतेक जुलाब चार-सहा दिवसांत आपोआप थांबतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, तसं हे. काकतालीय न्याय म्हणतात तो हाच.

तर आजीबाई इथे बसल्या असतील, तर आमचं उत्तर असं. लेकराला जुलाब झाले की आधी ओआरएस, अंगावर पीत असेल तर दूध चालू, खाणं चालू. डॉक्टर सांगतील तसं १४ दिवस झिंक. विष्ठेत रक्त दिसलं, लेकरू मलूल झालं, लघवी बंद झाली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. हे सगळं झाल्यावर कुणी जंतूंचं औषध दिलं, तर तीन प्रश्न विचारायचे. कोणता वाण? किती जंतू? आणि याच आजारावर तपासलाय का? आपल्याकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अन्नातल्या प्रोबायोटिकच्या वेष्टनावर जंतूचं पूर्ण नाव, वाण आणि मुदत संपेपर्यंत जिवंत राहणारी किमान संख्या छापावी, असं ती सांगतात. म्हणजे वेष्टन वाचायचा आणि विचारायचा आपला हक्क आहे. उत्तर मिळालं तर घ्या, नाही मिळालं तर पैसे खिशात ठेवा.

आणि ताक? ताक प्या. जेवताना प्या, पाहुण्याला द्या, उन्हातून आलेल्याला द्या. त्याच्याकडून औषधाची अपेक्षा करू नका आणि त्याला दोषही देऊ नका. आजीला हे सांगायचं राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगितलं.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. या वेळी आम्हाला घाई नाही.